प्रतिपिंडांची विविधता : जनुकखंड आणि त्यांचे सांधे

नीरक्षीर (धागाकर्ती)

पूर्वी कधीही गाठ न पडलेल्या विषाणूविरुद्धही आपले शरीर काही दिवसांत नेमकी प्रतिपिंडे तयार करू लागते, हे गेल्या काही वर्षांत घरोघरी ठाऊक झाले आहे. त्यामागचा पेच मात्र फारसा चर्चिला जात नाही. प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि प्रथिनाचा आराखडा जनुकात असतो. माणसाच्या जनुकसंचात प्रथिने घडवणारी जनुके सगळी मिळून सुमारे २०,००० आहेत आणि तेवढ्यातच हृदय, मेंदू, यकृत, त्वचा असे सारे काही भागवायचे आहे. प्रतिपिंडांचे प्रकार तर कोट्यवधींच्या घरात जातात. कार्ल लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेत घडवलेली, निसर्गात कुठेही न सापडणारी रसायने प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली, तेव्हा त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली. उत्क्रांतीच्या वाटेवर ज्या रेणूशी कधी संबंधच आला नाही, त्याच्यासाठी वेगळे जनुक आधीपासून राखून ठेवलेले असणे शक्य नव्हते.

१९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी असे सुचवले की प्रतिपिंडाची साखळी प्रतिजनाभोवती (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होते त्या पदार्थाभोवती) घडी घेते आणि त्याचाच आकार धारण करते. प्रथिनाची घडी त्यातील अमिनो आम्लांच्या क्रमावरून ठरते हे सिद्ध झाल्यावर ती कल्पना मागे पडली. १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी निवडीचा सिद्धान्त मांडला : प्रत्येक पेशी आधीपासूनच एकाच प्रकारचे प्रतिपिंड बाळगून असते आणि प्रतिजन फक्त योग्य पेशी निवडून तिची संख्या वाढवतो. हे पटण्याजोगे होते, पण मग इतक्या निरनिराळ्या पेशी आधीपासून आल्या कुठून, हा प्रश्न उलट अधिकच टोकदार झाला. प्रतिपिंडाच्या साखळीचे एक टोक प्रकारागणिक बदलते आणि उरलेला भाग जवळपास तसाच राहतो, हे दिसून आल्यावर १९६५ मध्ये ड्रायर आणि बेनेट यांनी असा तर्क केला की एकाच साखळीसाठी दोन वेगवेगळी जनुके असावीत आणि ती पेशीत एकत्र येत असावीत. एक जनुक म्हणजे एक साखळी या त्या काळच्या भक्कम समजुतीला त्यामुळे छेद जात होता, म्हणून बहुतेकांनी ते मनावर घेतले नाही.

याचा निकाल लावणारा प्रयोग मला आजही विलक्षण वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्रतिकारशास्त्र संस्थेत सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या दोन प्रकारच्या पेशींतून डीएनए काढला. एक डीएनए कोवळ्या भ्रूणाचा होता आणि दुसरा प्रतिपिंडाची हलकी साखळी (प्रतिपिंडातील दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी लहान; मोठी ती जड) भरमसाट तयार करणाऱ्या गाठीचा. दोन्ही नमुने एकाच विकराने (एन्झाइमने) कापले. हे विकर डीएनएतील ठरावीक क्रम दिसेल तिथेच कात्री लावते, त्यामुळे क्रम सारखा असेल तर तुकडेही सारख्याच लांबीचे पडायला हवेत. ते तुकडे अ‍ॅगारोजच्या जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने आकारानुसार वेगळे केले, जेलचे काप काढले आणि हलक्या साखळीच्या किरणोत्सारी आरएनएशी कोणत्या कापातील डीएनए जुळतो ते पाहिले. त्यासाठी एकदा संपूर्ण आरएनए वापरला आणि एकदा त्याचा केवळ स्थिर भागाकडचा अर्धा तुकडा. भ्रूणाच्या डीएनएत दोन वेगवेगळे तुकडे सापडले. सुमारे ६० लाख रेणुभाराच्या तुकड्यावर स्थिर भाग होता आणि सुमारे ३९ लाखांच्या तुकड्यावर बदलता भाग. गाठीच्या डीएनएत मात्र सुमारे २४ लाखांचा एकच तुकडा मिळाला आणि त्याच्यावर दोन्ही भाग होते.

भ्रूणात एकमेकांपासून दूर असलेले दोन भाग प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत शेजारी आले होते, म्हणजेच पेशीने आपला डीएनए कापून पुन्हा जोडला होता. शरीराच्या सर्व पेशींत जनुकसंच एकसारखाच असतो, हा नियम इथे मोडला. हा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९८७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तोनेगावा यांना एकट्याला मिळाले.

पुढे माणसातही हीच व्यवस्था स्पष्ट झाली. जड साखळीचे जनुकखंड १४ व्या गुणसूत्रावर आहेत, कॅपा या हलक्या साखळीचे २ ऱ्या आणि लॅम्डाचे २२ व्या गुणसूत्रावर. जड साखळीचा बदलता भाग व्ही, डी आणि जे अशा तीन प्रकारच्या खंडांतून प्रत्येकी एक उचलून जुळतो, तर हलक्या साखळीत डी नसतो, फक्त व्ही आणि जे असतात. आधी डी आणि जे जोडले जातात, नंतर त्यांना व्ही येऊन मिळतो. ही सारी जुळणी अस्थिमज्जेत, प्रतिजनाचा वाराही लागलेला नसताना होते.

इथपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकांत असतो. मला मुद्दाम मांडायचे आहे ते असे, की विविधतेचे श्रेय खंडांच्या निवडीला जितके दिले जाते, त्यापेक्षा कितीतरी अधिक ते खंड जिथे सांधले जातात त्या जागेला द्यायला हवे. जाणकारांनी आपले मत सांगावे.

गणितवेडा

लेख आवडला. आकडे मांडून पाहतो, चुकल्यास सांगावे. माणसात जड साखळीचे उपयोगी व्ही खंड सुमारे ४०, डी २३ आणि जे ६ धरले, तर ४० × २३ × ६ = ५,५२० जड साखळ्या होतात. कॅपाचे व्ही सुमारे ४० आणि जे ५, म्हणजे २००. लॅम्डाचे व्ही सुमारे ३० आणि जे ४, म्हणजे १२०. हलक्या साखळ्या एकूण ३२० झाल्या. कोणतीही जड साखळी कोणत्याही हलक्या साखळीशी जमते असे गृहीत धरल्यास ५,५२० × ३२० = १७,६६,४००. दीडशेहून कमी खंडांतून साडेसतरा लाखांवर प्रकार निघणे हे थोडेथोडके नाही. पण आपण कोट्यवधी म्हणता. मग मधली तफावत भरून कशी निघते?

नीरक्षीर

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि नेमका तिथेच माझा मुद्दा सुरू होतो. प्रत्यक्षात काही व्ही खंड वारंवार वापरले जातात तर काही क्वचितच, आणि काही जोड्या नीट जमतही नाहीत, म्हणून खरा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा कमीच भरेल. तरीही एकूण विविधता त्याच्या कैक पटींनी मोठी असते, कारण खंड जसेच्या तसे चिकटवले जात नाहीत.

प्रत्येक खंडाच्या कडेला एक खुणेचा क्रम असतो : डीएनएच्या सात अक्षरांचा सी-ए-सी-ए-जी-टी-जी, मग १२ किंवा २३ अक्षरांचे अंतर आणि त्यानंतर नऊ अक्षरांचा ए-बहुल क्रम. १२ अंतराची खूण फक्त २३ अंतराच्या खुणेशीच जुळते. जड साखळीच्या व्ही आणि जे या दोहोंच्या कडेला २३ अंतराची खूण असते आणि डीच्या दोन्ही बाजूंना १२ ची, त्यामुळे डीला वगळून व्ही थेट जे ला जोडला जाण्याची वाट बंद होते. ही खूण ओळखून कापणारी रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने १९८९-९० मध्ये डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ओटिंजर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधली.

रॅग खुणेच्या अगदी कडेला कापते, ही कापणी अतिशय काटेकोर असते. ढिलाई सुरू होते ती नंतर. कापलेल्या खंडाच्या टोकाशी डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना जोडले जाऊन बंद वळसा तयार होतो आणि तो आर्टेमिस नावाचे विकर उघडते. ते नेमके टोकावरच उघडत नाही, थोडे आजूबाजूला उघडते, त्यामुळे एका धाग्याची काही अक्षरे लोंबती राहतात आणि ती भरून काढताना मूळ खंडात नसलेली अक्षरे जमा होतात. काही वेळा टोके कुरतडलीही जातात. त्यानंतर टीडीटी नावाचे विकर येते आणि कोणताही नमुना समोर नसताना मनास येईल तशी अक्षरे जोडत सुटते. पेशीतील डीएनए घडवणारी इतर विकरे समोरच्या धाग्याकडे पाहून अक्षर निवडतात, हे मात्र कशाकडेही पाहत नाही. अखेर सर्वसाधारण डीएनए-दुरुस्तीची प्रथिने दोन्ही टोके सांधतात.

आता तुमच्याच आकड्यात भर घाला. केवळ सहा अक्षरे यदृच्छेने जोडली गेली, तरी ४ चा सहावा घात म्हणजे ४,०९६ शक्यता होतात. त्यांनी १७,६६,४०० ला गुणले की सुमारे ७२३ कोटी येतात. जड साखळीत असे दोन सांधे असतात आणि जोडली जाणारी अक्षरे सहाच असतात असेही नाही. म्हणजे शक्य प्रकारांची संख्या शरीरातील बी-पेशींच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या) संख्येच्याही पुढे निघून जाते. कोणत्याही एका माणसाजवळ शक्यतांचा एक लहानसा नमुनाच असतो आणि एकसारखा जनुकसंच घेऊन जन्मलेल्या जुळ्या भावंडांचे नमुनेही बव्हंशी वेगळे असतात.

सांध्याचे स्थानही फार मोक्याचे आहे. प्रतिपिंडाच्या टोकाशी प्रत्येक साखळीचे तीन वळसे प्रतिजनाला भिडतात. पहिले दोन व्ही खंडातच लिहिलेले असतात, तर तिसरा बरोबर सांध्यावर पडतो आणि जड साखळीचा तो तिसरा वळसा बहुधा पकडीच्या मध्यभागी असतो. सर्वाधिक अनिश्चितता जिथे निर्माण होते, तीच जागा प्रतिजनाशी सर्वाधिक सलगी करते.

गणितवेडा

धन्यवाद. एक शंका उरते. तीन अक्षरांचे एक अमिनो आम्ल होते. मग सांध्यात चार किंवा पाच अक्षरे वाढली तर पुढची सगळी वाचनचौकट घसरणार नाही का?

नीरक्षीर

घसरते, आणि बहुतेक वेळा घसरतेच. ढोबळमानाने तीनपैकी एकच सांधा चौकटीत बसतो, उरलेले दोन निरर्थक ठरतात. पेशीजवळ १४ व्या गुणसूत्राच्या दोन प्रती असल्याने एक जुळणी फसली तर दुसऱ्या प्रतीवर प्रयत्न करता येतो. दोन्ही फसण्याची शक्यता २/३ × २/३ म्हणजे ४/९, म्हणून केवळ चौकटीचा विचार केला तरी ९ पैकी ४ पेशी जड साखळीच्या पायरीवरच बाद होतात. जिची जुळणी साधते, ती पेशी तयार झालेली जड साखळी एका तात्पुरत्या हलक्या साखळीसोबत पृष्ठभागावर आणून तपासते, दुसऱ्या प्रतीची जुळणी थांबवते आणि मगच हलक्या साखळीकडे वळते. एका पेशीचे एकच प्रतिपिंड, हे बर्नेट यांचे गृहीतक या थांबवण्यामुळे खरे ठरते. अस्थिमज्जेत जन्मलेल्या कितीतरी बी-पेशी रक्तापर्यंत पोहोचतच नाहीत, याचे हे एक मुख्य कारण आहे.

सूक्ष्मदर्शी

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. वर आलेली तीनाची गोष्ट आम्हाला प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते, म्हणून लिहीत आहे.

मानेत गाठ आलेल्या रुग्णाच्या ऊतीचा तुकडा आमच्याकडे येतो तेव्हा ती संसर्गाने सुजलेली लसिकाग्रंथी आहे की लसिकापेशींचा कर्करोग, हे सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच ठरवता येते असे नाही. अशा वेळी पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने) जड साखळीच्या सांध्याभोवतीचा भाग वाढवून त्याची लांबी मोजतात. सुजलेल्या ग्रंथीत असंख्य वेगवेगळ्या बी-पेशी असतात, त्यामुळे आलेखावर उंचसखल शिखरांची एक रांग दिसते, मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी. त्या शिखरांमधील अंतर बहुतेक ठिकाणी बरोबर तीन अक्षरांचे असते, कारण ज्यांची चौकट घसरली त्या पेशी बव्हंशी आधीच गळालेल्या असतात. कर्करोगात एकाच पेशीची पिल्लावळ माजलेली असते, म्हणून रांगेऐवजी एक किंवा दोनच सुळके वर येतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात उपचारांनंतर थोड्याफार रोगट पेशी उरल्या आहेत का, हे पाहण्यासाठीही त्या रुग्णाच्या सांध्याचा क्रम ओळखचिन्ह म्हणून वापरता येतो, कारण हुबेहूब तोच सांधा दुसऱ्या पेशीत आढळण्याची शक्यता नगण्य असते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगणे मला आवश्यक वाटते. डीएनए मुद्दाम तोडायचा म्हटले की चुकीच्या जागी जोडला जाण्याचा धोका येतोच. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ व्या गुणसूत्रावरील हाच प्रदेश १८ व्या गुणसूत्रावरील बीसीएल-२ जनुकाला जाऊन चिकटलेला आढळतो. ते जनुक पेशीला मरू देत नाही आणि प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी आल्यामुळे ते सतत जागे राहते.

रानवाटा

प्राणिशास्त्र शिकवत असल्याने थोडी भर घालतो. माणसाची पद्धत एकमेव नाही. कोंबडीत प्रत्येक साखळीसाठी उपयोगी व्ही खंड मुळी एकच असतो. जुळणीनंतर शेजारच्या निकामी व्ही खंडांतील क्रमाचे तुकडे त्याच्यावर उतरवले जातात आणि विविधता अशी साधते. लॅम्प्री या जबडा नसलेल्या जलचरात तर आपल्यासारखी प्रतिपिंडेच नाहीत, तिथे संपूर्ण वेगळ्या प्रथिनांपासून तेच काम करणारी यंत्रणा उभी राहिली आहे. रॅगची जनुके मुळात जनुकसंचात इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या डीएनएच्या घटकांतून आली असावीत, असे पूर्वीपासून मानले जात होते. २०१६ मध्ये अ‍ॅम्फिऑक्सस या प्राण्यात तशाच प्रकारचा, रॅगसदृश जनुके बाळगणारा घटक सापडल्यापासून त्या विचाराला चांगलेच बळ मिळाले.

माझा प्रश्न असा. सगळे काही यदृच्छेने होते, तर एकच लस लाखो लोकांना सारखीच कशी लागू पडते?

नीरक्षीर

याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की एखाद्या प्रतिजनाला पकडण्याचे अनेक मार्ग असतात आणि प्रत्येकाच्या नमुन्यात त्यांपैकी काही सापडतातच. सुरुवातीची पकड सैल असली तरी चालते. निवडलेली बी-पेशी लसिकाग्रंथीतील जननकेंद्रात झपाट्याने विभागते आणि एआयडी हे विकर तिच्या बदलत्या भागात उत्परिवर्तने घडवते. हे विकर तासुकु होन्जो यांच्या गटाने शोधले. त्याचा वेग दर विभाजनाला हजार अक्षरांमागे सुमारे एक बदल इतका, म्हणजे नेहमीच्या उत्परिवर्तनाच्या सुमारे दहा लाख पट असतो. ज्यांची पकड घट्ट होते त्या पेशी टिकतात, बाकीच्या मरतात. लसीचा दुसरा डोस काही काळाने देण्यामागे या प्रक्रियेचाही विचार असतो. प्रतिपिंडाचा वर्ग बदलणे, म्हणजे आयजीएमचे आयजीजी किंवा आयजीए होणेही एआयडीच घडवून आणते, पण त्यात फक्त स्थिर भाग बदलतो, पकड तीच राहते.

दुसरे उत्तर असे की यदृच्छा सगळीकडे सारखी पसरलेली नसते. करोना विषाणूच्या काट्यावरील ज्या भागाने तो पेशीला चिकटतो, त्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे निरनिराळ्या रुग्णांत तपासली तेव्हा ३-५३ क्रमांकाचा व्ही खंड वारंवार आढळला. त्याचे पहिले दोन वळसे मूळ खंडात लिहिलेले आहेत तसेच विषाणूला बसतात आणि तिसरा वळसा आखूड असला की काम भागते. म्हणजे सांध्याचे महत्त्व मी वर सांगितले त्याला हा एक खराखुरा अपवाद आहे आणि तो मला मान्य केला पाहिजे.

सूक्ष्मदर्शी

यदृच्छेने जुळणी होते म्हटल्यावर स्वतःच्याच शरीराविरुद्धची प्रतिपिंडेही जुळणारच. त्यांचे काय होते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याची नोंद केली, त्या बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर एच नावाची शर्करारचना नसते. ए, बी आणि ओ गटांच्या पेशींवर ती असते. बॉम्बे गटाच्या रक्तात एचविरुद्ध प्रभावी प्रतिपिंडे नैसर्गिकपणेच आढळतात, म्हणून त्यांना ओ गटाचेही रक्त चालत नाही. एचला चिकटणारे प्रतिपिंड जुळवण्याची क्षमता जनुकखंडांत सगळ्यांच्याच असते. ज्यांच्या शरीरात एच आहे त्यांच्यात अशा पेशी अस्थिमज्जेतच अडवल्या जातात : काहींना हलकी साखळी नव्याने जुळवण्याची संधी मिळते, काही नष्ट होतात. ज्यांच्याकडे एच नाही त्यांच्यात अडवायला काही कारणच उरत नाही.

आजोळ

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही, पण सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आमच्या नात्यातील एका घरात पहिले बाळ पाच महिन्यांचे असताना वारंवारच्या न्यूमोनियाने गेले. आता त्या सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत आणि डॉक्टरांनी सांगितले आहे की बाळ जन्मले की तपासण्या होईपर्यंत बीसीजीची लस द्यायची नाही. पती-पत्नी मामेभाऊ-आतेबहीण आहेत. या धाग्यातील विषयाशी याचा काही संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी

आजोळताई, संबंध असू शकतो. तुमच्या नात्यातील बाळाला नेमके काय झाले होते हे इथून सांगता येणार नाही, पण डॉक्टरांचा विचार कोणत्या दिशेने चालला असावा ते सांगते.

रॅग-१, रॅग-२ किंवा आर्टेमिस यांच्या जनुकांत मोठा दोष असेल तर खंड कापले किंवा जोडलेच जात नाहीत. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लसिकापेशींचे प्रतिजन ओळखणारे ग्राहकही (रिसेप्टर) याच यंत्रणेने जुळत असल्याने बी आणि टी अशा दोन्ही पेशी तयार होत नाहीत आणि बाळाला प्रतिकारशक्तीचा तीव्र एकत्रित अभाव जडतो. या तीनही जनुकांचे दोष आई आणि वडील अशा दोघांकडून मिळाले तरच आजार होतो, त्यामुळे जवळच्या नात्यातील विवाहात त्यांची शक्यता वाढते आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ती चारात एक इतकी असते. असा आजार होण्याची इतरही जनुकीय कारणे आहेत. बीसीजी ही जिवंत, दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. आपल्याकडे ती जन्मतःच देतात, पण टी-पेशी नसलेल्या बाळात तेच जंतू शरीरभर पसरू शकतात. म्हणून डॉक्टरांनी थांबायला सांगितले ते योग्यच आहे.

बाळ जन्मल्यावर पहिली तपासणी साध्या रक्ताची असते. तान्ह्या बाळात लसिकापेशींची एकूण संख्या दर मायक्रोलिटरला सुमारे ३,००० च्या खाली असेल तर शंका घ्यावी लागते. अहवालावर छापलेली मर्यादा पुष्कळदा प्रौढांची असते, त्यामुळे १,५०० हा आकडाही सामान्य म्हणून नजरेआड होऊ शकतो, हे मात्र आवर्जून लक्षात असू द्यावे. आकडा ठीक दिसला तरी पेशींचे प्रकार मोजून घ्यावेत, कारण रॅगच्या अर्धवट दोषात, ज्याला ओमेन सिंड्रोम म्हणतात, संख्या भरपूर असूनही त्या सगळ्या मोजक्याच पेशींच्या प्रती असतात. दुसरी एक तपासणी थेट या धाग्याच्या विषयातून आली आहे. टी-पेशीत खंड जुळताना मधला कापलेला डीएनए वर्तुळाकार होऊन पेशीतच राहतो. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही वर्तुळे मोजली की जुळणी होते आहे की नाही ते कळते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये सर्व नवजात बालकांसाठी ती सुरू केली. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे, तिथे अशा आजारांचे निदान होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बाळंतपणाआधीच चौकशी करून ठेवावी. पहिल्या बाळाचे रक्त किंवा डीएनए कुठे जपून ठेवला गेला असेल तर तोही विचारावा, कारण दोष नेमका कोणता हे ठाऊक असेल तर पुढची तपासणी सोपी होते.

निदान वेळेवर झाले तर रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण करता येते आणि ते संसर्ग होण्याआधी झाल्यास बाळ वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. तोवर रक्त देण्याची वेळ आलीच तर ते किरणोत्सर्गाने संस्कारित केलेलेच असावे, अन्यथा दात्याच्या लसिकापेशी बाळावर उलटू शकतात. केवळ आयजीजीची पातळी तपासून निश्चिंत होऊ नये. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तातील आयजीजी बव्हंशी आईकडून नाळेवाटे आलेले असते, म्हणजे ते आईच्या जुळणीचे फळ असते आणि त्यावरून बाळाची स्वतःची जुळणी होते आहे की नाही ते कळत नाही.